हत्तीवाल्या बाई

बाईंनी मला स्वयंपाकाला ठेवलं ते माझ्या हातचं काही चाखून नाही. दारात उभं करून त्यांनी आधी गाव विचारलं. मी गडचिरोलीकडचं सांगितलं. नवऱ्याला अंबडच्या एका कंपनीत काम लागलं म्हणून आम्ही नाशिकला आलो त्याला तेव्हा चारच महिने झाले होते. कुणी काही विचारलं की मी घाबरून न विचारलेलंही सांगून टाकायची. तसंच त्यांना सांगून बसले, की आमच्या गावाशेजारी जंगलखात्याचे हत्ती होते आणि माझे बाबा त्यांच्यासाठी चारा तोडून आणायचे.

बाईंनी चष्मा काढला आणि एक पाऊल पुढे आल्या.

"म्हणजे तू हत्तिणीला हात लावलायस?"

"होय जी."

"कुठे?"

"कानामागं. तिथं लई मऊ असते."

बाईंनी चष्मा परत चढवला. दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाल्या. "मी पस्तीस वर्षं कॉलेजात हत्ती शिकवला," त्या म्हणाल्या. "लांबून पाहिलाय. हात कधीच लावला नाही. ये आत."

पोळ्या येतात का, तिखट किती घालतेस, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही.

नाशिक रोडच्या त्या कॉलनीत बहुतेक घरं नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्यांची. सकाळी सगळे कुंपणाशी उभे राहून एकमेकांच्या साखरेची चौकशी करायचे. बाई त्यांच्यात बसत नसत. सगळे त्यांना हत्तीवाल्या बाई म्हणायचे, आणि दिसायला त्या उदबत्तीच्या काडीसारख्या. सत्तरी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, घरात पुस्तकं आणि एक प्लास्टरची हत्तीची दाढ. ती दाढ विटेपेक्षा मोठी. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून उंबऱ्याशी ठेवलेली असायची. पहिल्या दिवशी मी तिला ठेचकाळले आणि "माफ करा" म्हणाले. बाईंना ते फार आवडलं.

"हिची माफी मागायलाच हवी," त्या म्हणाल्या. "हत्तिणीला अशा दाढा आयुष्यात सहा वेळा येतात. एक झिजली की मागून दुसरी सरकते. सहावी झिजली की संपलं. मग ती नदीकाठच्या मऊ गवताकडे जाते आणि जमेल तितके दिवस तेच खाते."

नंतर अनेक वर्षांनी, कवळी बसेनाशी झाली तेव्हा, बाई सायखेड्याला भाचीच्या मळ्यावर राहायला गेल्या. गोदावरी तिथून दिसते. जाताना मी रडत होते. त्या पिशवीची चेन लावत म्हणाल्या, "रडतेस काय? सहावी झिजली. मऊ गवताकडे निघालेय." तिथेच त्या गेल्या. दाढ माझ्याकडे आहे. माझी धाकटी तिच्यावर बसून शाळेचे बूट घालते.

धाकटीचीच गोष्ट सांगायची आहे, पण बाईंच्या वहीशिवाय ती सांगता येत नाही.

वही निळ्या पुठ्ठ्याची होती. बाजारात मळ्यातल्या बायका भाजी घेऊन बसतात. बाई मेथीची जुडी हातात घ्यायच्या, देठ बघायच्या आणि त्याच सुरात विचारायच्या, "शेवटचं मूल कितव्या वर्षी झालं?" नवीन बाई गांगरून जायची. जुन्या हसायच्या. एक तर लांबूनच हाक मारायची, "या आज्जी! आज मेथी न्यायची का जनगणना करायची?"

"दोन्ही," बाई म्हणायच्या आणि वही काढायच्या.

पहिलं मूल कितव्या वर्षी, शेवटचं कितव्या, पाळी कधी गेली, तेव्हा लेकीला मूल झालं होतं का. इतकंच लिहायच्या, नाव लिहायच्या नाहीत. मला सुरुवातीला लाजेने मेल्यासारखं व्हायचं. पण त्या बायका सांगायच्या. वजन करता करता, सुटे पैसे शोधता शोधता सांगायच्या, आणि एकदा सांगायला लागल्या की थांबायच्या नाहीत. त्यांना हे कुणी कधी विचारलेलंच नव्हतं.

माझंही पहिल्याच आठवड्यात लिहून झालं. शेवटचं मूल विसाव्या वर्षी. बाईंनी पेन्सिल थांबवली. "इतक्या लवकर थांबलीस?"

"एकच पोरगी जी. नंतरचे दोन पोटातच गेले. डॉक्टर म्हणे, आता नाही राहणार."

त्यांनी सहानुभूतीचा शब्दही काढला नाही. फक्त आकड्याभोवती एक गोल केला. त्याचा अर्थ मी तेव्हा विचारला नाही.

मी सातवीपर्यंत शिकले. पुढची शाळा नदीपलीकडे होती, आई आजारी पडली आणि सुटली ती सुटलीच. बाईंना हे कळल्यावर त्यांनी मला दुपारची भांडी झाली की अर्धा तास मोठ्याने वाचायला बसवायला सुरुवात केली. चुकलं की टेबलावर बोट आपटायच्या. वर्षभराने त्यांनी एक मोठा कागद आणला आणि म्हणाल्या, "माझं अक्षर आता थरथरतं. तू लिही." तो तक्ता स्वयंपाकघराच्या दाराला लावला. उंदीर, गाय, हत्तीण, देवमासा, बाई. प्रत्येकीपुढे एक आडवी रेघ, जन्मापासून मरणापर्यंत. जितकी वर्षं पिल्लं होऊ शकतात तितकी रेघ जाड, पुढे बारीक. हत्तिणीची रेघ जवळजवळ शेवटपर्यंत जाड होती. बाईची मध्येच बारीक व्हायची आणि तशीच लांब चालत राहायची.

"हे काहून असं?" मी विचारलं.

"त्यावर अजून भांडणं चालू आहेत. मला पटतं ते सांगते. हत्तीण पन्नाशी उलटली तरी विऊ शकते. बाई थांबते आणि पुढे तीस-तीस वर्षं जगते. असं थांबून जगणाऱ्या माद्या जगात फार थोड्या. काही देवमासे, आणि तू, आणि मी. लेकीची वेळ आली की आई बाजूला होते. दोघींची पिल्लं एकाच वेळी वाढवण्यापेक्षा नातवंड नीट वाढवावं. म्हणून निसर्ग तिला सुट्टी देतो."

"अन् हत्तिणीला?"

"तिला सुट्टी नाही. आजी झाली तरी ती आईच."

मी तक्त्यावर बाईच्या बारीक रेघेवर 'सुट्टी' असं लिहिलं. माझ्या अक्षरात. बाई हसल्या आणि तसंच राहू दिलं.

त्या बदल्यात मी त्यांना थोरलीबद्दल सांगायची. थोरली म्हणजे जंगलखात्याच्या कँपातली सगळ्यात म्हातारी हत्तीण, आम्ही पोरं तिला तसं म्हणायचो. मी दहा वर्षांची असताना थोरलीची लेक व्याली. बाबांनी मला झाडावर बसवलं होतं. लेक कण्हत होती आणि थोरली तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. दुसरी एक हत्तीणही तशीच, पाठ करून. मला फार राग आला. वाटलं, आई आहे आणि रुसून बसली.

"रुसली नव्हती," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "वाघ बाहेरून येतो. म्हणून तोंड बाहेर. पाठ आपल्या माणसाकडे करायची असते."

मग मी सांगितलं की थोरलीलाही तेव्हा काही महिन्यांचं पिल्लू होतं आणि पुढे दोन्ही पिल्लं कुणाच्याही खाली जाऊन प्यायची. बाईंच्या हातातली पेन्सिल खाली पडली. "तू डोळ्यांनी पाहिलंस?" मी होय म्हणाले. "माझ्या पुस्तकांत हे आहे," त्या म्हणाल्या, "पण पुस्तक आणि झाडावर बसलेली मुलगी यात फरक असतो." शाळा सुटलेल्या बाईला असं वाक्य आयुष्यात किती वेळा ऐकायला मिळतं? मी घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

अशी पाच वर्षं गेली. माझ्या पोरीने आयटीआय केलं, तिथे देवळ्याचा एक मुलगा भेटला आणि दोघांनी आपलं आपण ठरवलं. मुलाची आई, माझी विहीण, लग्नात तीन वेळा म्हणाली, "आमच्यात आसं नव्हतं." ती वाईट बाई नव्हती. पण पोरीला तिथे प्रत्येक पाऊल जपून टाकावं लागायचं, आणि मला इथे बसून तिच्या पावलांची धास्ती.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला पोरीचा फोन आला, दिवस राहिले. त्याच महिन्यात माझी पाळी चुकली. पुढच्या महिन्यातही आली नाही. मी त्रेचाळीस वर्षांची होते. दारामागे माझ्याच अक्षरातला तक्ता होता. मी रोज पोळ्या लाटताना तो वाचायची. मला एका क्षणासाठीही शंका आली नाही. उलट मला अभिमान वाटला. लेकीची वेळ आली आणि माझं शरीर बाजूला झालं, कुणी न सांगता! शेजारणीला मी सांगितलंसुद्धा, "माझी सुट्टी लागली." थकवा आला, वय झालं म्हटलं. पायांवर सूज आली, उभ्याचं काम म्हटलं. पोट वाढलं, सुट्टीत बायका जाड होतातच. पोटात काहीतरी फिरायला लागलं तेव्हा मी ओवा खाल्ला.

आषाढातली सकाळ होती. मी भाकरी थापत होते आणि थांबले. डावा हात आपोआप पोटावर गेला. बाई टेबलाशी बसून कवळी धूत होत्या. त्यांनी पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही जी. वारा फिरते."

"कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले असन."

"पाळी?"

"गेली ना जी. होळीपासून. पोरीला दिवस राहिले अन् माझी गेली. तक्त्यात आहे तसं."

बाई कवळी तशीच हातात धरून उठल्या. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पाच वर्षांत त्यांनी मला कधी स्पर्श केला नव्हता. त्यांना माणसांना हात लावायची सवयच नव्हती. त्यांनी ओला हात माझ्या पोटावर ठेवला आणि मान वाकवून थांबल्या, कुणी दाराला कान लावून थांबतं तसं. मग आतून लाथ बसली. दोघींनाही कळली.

"तवा उतरव," त्या म्हणाल्या. "चप्पल घाल."

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, रक्तदाब दोनदा मोजला आणि पाचवा महिना उलटल्याचं सांगितलं. "इतके दिवस काय करत होतात?" मला विचारलं. मी बाईंकडे पाहिलं. बाई जमिनीकडे बघत होत्या. आता मागे फिरायची वेळ निघून गेली होती. बीपी वाढलेलं होतं. माझे आधीचे दोन गेलेले ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. जपावं लागेल, म्हणाल्या, बाळाला आणि तुम्हालाही. मग कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं. बाईंनी ते उलट्या बाजूने वाचलं.

"वयस्कर? त्रेचाळीस म्हणजे वयस्कर? या वयाची हत्तीण—"

"मॅडम," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हत्तिणीचं बीपी मी तपासत नाही. यांचं तपासलंय."

बाईंनी माझी पिशवी उचलली आणि दाराकडे निघाल्या. 

घरी आल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तक्त्यासमोर उभ्या राहिल्या.  मी मागे भिंतीला टेकून होते. मला वाटलं माझ्यावर ओरडतील, आणि खरं सांगते, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि जिथे बाईची जाड रेघ बारीक होते, तिथे थरथरत्या अक्षरात लिहिलं : थांबण्याआधी अडखळते.

"पाळी एका दिवसात जात नाही," त्या तक्त्याशीच बोलल्या. "कधी येते, कधी चुकते. वर्षानुवर्षं. त्या अडखळण्यात गर्भ राहू शकतो. हे पहिल्या वर्षाच्या मुलांना मी सांगायचे. तुला सांगितलं नाही, कारण रेघ सुबक दिसत होती." मग वळून म्हणाल्या, "ही तुझी चूक नाही. माझी आहे."

"असं नका म्हणू जी."

"का नको? चूक आहे ती आहे."

नवरा संध्याकाळी कंपनीतून आला. मी सांगितलं. तो बूट न काढता बसून राहिला. "लोकांचं राहू दे," शेवटी म्हणाला. "तू वाचशील ना, ते सांग." ते मलाही माहीत नव्हतं.

पोरीला फोन करायला मला तीन दिवस लागले. मी सांगितलं. मग ती एवढंच म्हणाली, "आई, सासूबाई स्वयंपाकघरात आहेत," आणि फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात, तिला सातवा लागला की, तिला माझ्याकडे आणायचं ठरलेलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आमच्याकडेही आहे आणि त्यांच्याकडेही. आठ दिवसांनी विहिणीचा फोन आला. मी बाईंच्याच घरी होते. हात ओले होते म्हणून स्पीकर लावला.

"विहीणबाई, खरंय का ते?"

"होय जी."

"आवं, नातवंडं खेळवायच्या वयात हे काय! आमाला भावकीत तोंड दाखवायची लाज वाटून ऱ्हायली. आन् मला सांगा, माहेरी आईच बाळंतीन आसंल, तर माझ्या सुनंचं कोन बघनार? तिला मी नाय पाठवायची. तिकडं पाठवून दोगींचं काय बरंवाईट झालं म्हंजी?"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.  पोरीला माझ्याशिवाय तिथे बाळंत व्हावं लागणार होतं, माझ्यामुळे मान खाली घालून. बाई हॉलमधून आल्या आणि फोनवर वाकल्या.

"नमस्कार. मी इथली. मुलीला माझ्या घरी पाठवा. माहेर इथे असेल."

"तुमी कोन?"

"ते आल्यावर बघा," म्हणून बाईंनी फोन बंद केला. मग माझ्याकडे पाहून जरा घाबरल्यासारख्या म्हणाल्या, "बाळंतिणीला काय काय लागतं गं?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुस्तकांची खोली रिकामी करायला घेतली. ती पुस्तकं मला पुसायचीही परवानगी नव्हती. आता ती गच्चीच्या जिन्यात, पलंगाखाली, न्हाणीघराच्या माळ्यावर गेली. जावई आपल्या आईशी दोन दिवस भांडला आणि नागपंचमीच्या आधी पोरीला घेऊन आला. ती दारात उभी राहिली, सहा-सात महिन्यांचं पोट घेऊन, आणि समोर मी, माझंही तसंच. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. पोटाकडे पाहिलं आणि दाढेला ठेचकाळून आत गेली.

दोन महिने आम्ही त्या घरात अशा राहिलो, मीही मुक्कामाला तिथेच. पोरगी माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी रडत नसे, बीपी वाढेल म्हणून. बाईंनी बीपीचं यंत्र आणलं होतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ माझा दंड आवळायच्या आणि आकडा वहीत लिहायच्या. जास्त आला तर पाच मिनिटांनी परत आवळायच्या. मला काम बंद होतं. "बसून राहणं हेच काम," त्या म्हणायच्या. स्वयंपाक त्या करायच्या. म्हणजे खिचडी. कधी करपलेली, कधी पेजेसारखी. एकदा पोरगी न राहवून म्हणाली, "आजी, यात मीठ नाही."

"हत्तिणी मीठ जमिनीतून खणून खातात," बाई म्हणाल्या. "डबा तिकडे आहे."

पोरगी हसली. त्या घरात ती पहिल्यांदा हसली. मी तोंड फिरवून घेतलं, माझ्याकडे पाहून हसू थांबू नये म्हणून.

दसऱ्यानंतर ती बाळंत झाली. मुलगा. सगळं नीट पार पडलं. विहीण आली, नातवाला पाहिलं, डोळे पुसले, माझ्या पोटाकडे न बघता बसली आणि सव्वा महिना झाला की सुनेला न्यायचं सांगून गेली.

सव्वा महिना व्हायला चार दिवस होते. दिवाळी होऊन गेली होती. सकाळी बाईंनी माझा दंड आवळला, आकडा पाहिला, पाच मिनिटं थांबल्या नाहीत. लगेच परत आवळला. मला डोळ्यांपुढे काजवे दिसत होते. "रिक्षा," त्या पोरीला म्हणाल्या. पोरगी बाळाला शेजारणीकडे देऊन अनवाणीच धावली. रिक्षात एका बाजूला बाई आणि दुसऱ्या बाजूला पोरगी. मधल्या चौकात गाडी अडकली तेव्हा पोरीने माझा हात धरला. इतका घट्ट की बांगडी पिचली. "आई, मला माफ कर," ती म्हणाली. बाई पुढे बघत म्हणाल्या, "नंतर. आता तिचं बीपी वाढवू नकोस."

तासाभरात ऑपरेशन झालं. मुलगी. लहान होती, पण रडली. तिला दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. मला बाटल्या लावलेल्या, अंगात त्राण नाही, आणि दूध उतरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सने तिला पेटीतून काढून माझ्याजवळ आणलं. ती तोंड लावायची, ओढायची, काही मिळालं नाही की तिचं तोंड वाकडं व्हायचं. तिचा आवाज कमी कमी होत होता. मी आधीच्या दोघांचा विचार करत होते. तो विचार थांबवता येत नव्हता.

पोरगी स्वतःच्या लेकराला घेऊन खुर्चीत बसली होती. त्याचं पिऊन झालं होतं. तिने नर्सकडे पाहिलं, नर्सने डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्यांनी मान डोलावली. पोरीने झोपलेलं बाळ माझ्या पायथ्याशी ठेवलं. मग हात पुढे केले.

"आण इकडे," ती म्हणाली. "बहीणच आहे ना माझी."

मी धाकटीला तिच्या हातात दिलं.

तेवढ्यात बाहेर विहिणीचा आवाज ऐकू आला. सव्वा महिना होत आला म्हणून ती देवळ्याहून सुनेला न्यायला आली होती, आणि घराला कुलूप पाहून, शेजारणीला विचारून इथे पोचली होती. दार अर्धं उघडं होतं. तिने आत पाहिलं असणार.

"आगं बया! माझ्या नातवाचं दूध—"

बाई खिडकीशी उभ्या होत्या. त्या चालत गेल्या आणि दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या. आमच्याकडे पाठ, तोंड बाहेर. उदबत्तीच्या काडीएवढी बाई, पण विहिणीला त्यांच्या बाजूने आत येता येईना.

"आत दूध चाललंय," बाई म्हणाल्या. "बाहेर थांबा."

"सरका तिकडं. माझी सून हाय ती."

"आहे ना. तिचं पोट भरलेलं आहे, तुमच्या नातवाचंही भरलेलं आहे. मी मोजलंय. थांबा."

"आवं पन तुमी कोन लागून गेल्या यांच्या? त्या दिशी फोनवर बी सांगितलं नाय. कोन तुमी?"

 मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. घाईत पदराला लावलेली पिन उलटी होती आणि मानेवरचे केस सुटले होते.

"थोरली," बाई म्हणाल्या.

 मग बाहेरच्या बाकाचा आवाज आला. विहीण बसली. पिशवीतून डबा काढल्याचा आवाज आला. मग, जरा खालच्या सुरात, "डिंकाचे लाडू हायेत. दोगींना पुरतील का बघा." बाईंनी मागे हात करून डबा घेतला, पण त्या वळल्या नाहीत.

आत धाकटी पीत होती. गिळल्याचा आवाज ऐकू येत होता. पोरगी खाली मान घालून तिच्याकडे बघत होती.

"माझ्या पिशवीत वही आहे," बाई दाराकडे तोंड ठेवूनच मला म्हणाल्या. "बसता आलं की काढ. तुझ्या विसाच्या आकड्याला मी उगाच गोल केला नव्हता, तो मला पक्का वाटला नव्हता. तो खोड आणि शेवटचं मूल नीट लिही."